हिवाळ्यात रुई भरते, उन्हाळ्यात लॅपटॉप अडतो : ग्राफिक्स कार्ड सांभाळायचे कसे?

लोहारा (जि. यवतमाळ) : एप्रिल लागला की गेमिंग लॅपटॉपवाल्यांची एकच ओरड सुरू होते. डिसेंबरात जो गेम मस्त चालत होता, तो आता वीस मिनिटांत अडकायला लागतो. पंखा पिठाच्या चक्कीसारखा घरघरतो, कीबोर्डवर बोट ठेववत नाही. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांचे दुखणे तर याहून मोठे. त्यांचा हंगामच ऐन उन्हाळ्यातला. तासाभरात निघणारा व्हिडिओ दीड तास घेतो, कधी अर्ध्यातच मशीन बंद पडते, अन् इकडे लग्नघरचे पेन ड्राइव्ह मागायला दारात उभे.

मग दुरुस्तीला नेले की तीनपैकी एक उत्तर ठरलेले असते. "कार्ड गेलं," "मोठं कार्ड टाकून घ्या" किंवा "कूलिंग पॅड घ्या." यातले पहिले बऱ्याचदा खरे नसते, दुसरे जवळजवळ कधीच शक्य नसते आणि तिसऱ्याने फरक पडतो तो थोडाच.

लोहाऱ्यात हा विषय आता चार-दोन शौकीन पोरांपुरता राहिलेला नाही. एमआयडीसी इथे आहे, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ पासून इथे आहे, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरे भाड्याच्या खोल्या करून राहतात. कोणाला कॅडचे ड्रॉइंग, कोणाला थ्रीडी, कोणाला एडिटिंग, आणि रात्री गेम आहेच. अशा लॅपटॉपला ऐंशी हजार रुपये सहज लागतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे हिशेब सरळ आहे, एक लॅपटॉप जवळपास दहा क्विंटल कापूस. तोही हमीभाव हाती पडला तर. एवढ्या किमतीची वस्तू तीन वर्षांत भंगारात गेली, तर ते नुकसान एकट्या पोराचे नसते, अख्ख्या घराचे असते.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखेच

लॅपटॉपच्या आत दोन मोठ्या चिपा तापतात. एक प्रोसेसर आणि दुसरी ग्राफिक्सची चिप, जिला आपण कार्ड म्हणतो. जोराचे काम असले की ग्राफिक्सची चिप शंभर वॅटच्या आसपास वीज खाते, प्रोसेसर आणखी चाळीस-पन्नास. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब ज्याने हाताने काढून पाहिला असेल, त्याला हे वेगळे सांगायला नको. तसे दीड बल्ब दोन बोटे जाडीच्या डब्यात बंद केले आहेत असे समजा.

ही उष्णता बाहेर काढायला चिपांवर तांब्याच्या चपट्या नळ्या बसवलेल्या असतात. त्या पोकळ असतात आणि आत अगदी थोडे पाणी असते. आतली हवा काढून टाकलेली असल्याने ते पाणी कमी तापमानालाच वाफ होते. वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते, तिथे थंड होऊन परत पाणी होते आणि चिपेकडे परतते. त्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची बारीक जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा मारतो. ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि ही जाळी यांच्यात कामाचा फरक काहीच नाही. थ्रेशर चालवताना रेडिएटरच्या जाळीत भुसा बसला की इंजिन गरम होते, हे वावरात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. लॅपटॉपची जाळी मात्र झाकणाखाली असते. दिसत नाही म्हणून कोणी पाहत नाही.

आता थोडे गणित, कारण सगळी गोम त्यातच आहे. पंखा त्याच वेगाने फिरत असेल आणि काम तेवढेच असेल, तर चिप खोलीच्या तापमानापेक्षा ठराविक अंशांनीच जास्त तापते. समजा स्वच्छ लॅपटॉपमध्ये शंभर वॅटवर हा फरक ५० अंशांचा आहे. डिसेंबरात खोली २५ अंशांवर, तर चिप ७५ वर. मे महिन्यात टिनाखालची खोली ४२ अंशांवर, तर चिप ९२ वर जायला हवी. पण तिला तिथवर जाऊ दिले जात नाही. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या कार्डांना बहुतेक वेळा ८७ अंशांच्या आसपास मर्यादा घातलेली असते. तिथे पोचले की कार्ड स्वतःच वीज कमी करते आणि हळू चालते. ४२ वरून ८७ पर्यंत ४५ अंशांची जागा आहे, म्हणजे शंभरऐवजी नव्वद वॅट मिळतील. दहा टक्के गेले. गेममध्ये ते फारसे जाणवणारही नाही.

आता तीच जाळी रुईने अर्धी बुजली आहे असे धरा. फरक ५० चा ७० अंशांवर गेला. मे महिन्यात जागा तीच ४५ अंशांची, म्हणजे आता फक्त ६४ वॅट. तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद गेली. पण हीच बुजलेली जाळी डिसेंबरात काय करते? २५ पासून ८७ पर्यंत ६२ अंशांची जागा असते, म्हणून ८९ वॅट मिळतात आणि मालकाला काही कळतच नाही.

म्हणून एप्रिलमध्ये शिव्या उन्हाला बसतात. घाण मात्र भरलेली असते हिवाळ्यात, आणि आपल्याकडचा हिवाळा म्हणजे कापसाचा हंगाम. वेचणी, गाड्या भरणे, जिनिंग. त्यात भाव वाढेल म्हणून घरातल्याच एका खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवायची आपली रीत. त्या कापसाने अंगाला खाज सुटते हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच घरात तीन-चार महिने चालणारा पंखा तेच तंतू ओढत असतो हे लक्षात येत नाही. साधी धूळ जाळीतून बरीचशी उडून जाते. रुईचा तंतू लांब असतो, तो पत्र्यांना अडकतो, त्यात धूळ बसते, आणि पाहता पाहता पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा थर तयार होतो.

साफसफाई होळीच्या सुमारास

त्यामुळे साफसफाईची वेळ साधायची असेल तर ती होळीच्या आसपास. कापूस विकून झालेला असतो, ऊन अजून चढलेले नसते. नवतपा लागल्यावर दुकानात रांग लावण्यात काही अर्थ नाही.

पद्धत महत्त्वाची आहे. बाहेरच्या फटीतून जोरात हवा मारली की तो थर उलटा पंख्यात जाऊन बसतो. खालचे झाकण उघडणे, आधी बॅटरीची वायर सोडवणे, मग मऊ ब्रशने थर उचलून काढणे हाच खरा उपाय. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे. मोकळे सोडले तर ते भलत्याच वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर तर अजिबात नको. त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, आणि दाबही या नाजूक वस्तूला झेपणारा नसतो. घरात ब्लोअर असेल तर तो लांबून आणि थोडा थोडा.

स्वतःला जमत नसेल तर दुकानात द्या, पण समोर बसून करून घ्या. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घेतलेले बरे, कारण याबाबतचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत.

चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये एक पेस्ट असते. ती साधारण दोन-तीन वर्षांत वाळते. जाळी स्वच्छ करूनही तापमान उतरले नाही तर पेस्ट बदलायची वेळ आली असे समजावे. इथे दोन गोष्टी मिस्त्रीला आधीच विचाराव्यात. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी पातळ धातू वापरलेला असतो, पाऱ्यासारखा. त्याचा एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होऊन लॅपटॉपच जातो, तिथे अनोळखी हाताला काम देऊ नये. दुसरे म्हणजे कार्डाच्या मेमरीवर रबरासारखे पॅड असतात. ते फाटले तर त्याच जाडीचे मिळाले पाहिजेत. जाड पॅड बसवला की तांब्याची पट्टी चिपेवर नीट टेकत नाही, आणि दुरुस्तीनंतर लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतो. "पेस्ट बदलली तरी फरक नाही" अशा तक्रारींमागे पुष्कळदा हे पॅडच असतात.

तापमान पाहायला काही विकत आणावे लागत नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेले की ग्राफिक्स कार्डाच्या नावाखाली अंश दिसतात. लॅपटॉप नवा असतानाच एक गेम किंवा एक एक्स्पोर्ट वीस मिनिटे चालवून तो आकडा आणि खोलीचे तापमान वहीत लिहून ठेवावे. दर सहा महिन्यांनी तसेच करून पाहावे. दोन्हींमधला फरक दहा-पंधरा अंशांनी वाढला की जाळी बुजली किंवा पेस्ट वाळली. अंदाजाने कार्डाला दोष द्यायची गरज पडत नाही.

पैसे न लागणारे उपाय

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लॅपटॉपची मागची बाजू उचलणे. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणे मागच्या पायांखाली ठेवली तरी खालून हवा ओढायला जागा होते. गादीवर, गोधडीवर ठेवून गेम खेळणे म्हणजे त्याचे नाक दाबून पळायला लावणे. कूलिंग पॅडने तीन-पाच अंशांचा फरक पडतो, बुजलेल्या जाळीवर तो काही करू शकत नाही.

त्यानंतर फ्रेमचा हिशेब. स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा बदलते म्हणून कार्ड तेवढ्या फ्रेम काढायला धडपडते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' नावाची सेटिंग आहे, तिथे उन्हाळ्यापुरते ६० लिहा. हलक्या गेममध्ये कार्डाचे काम अर्ध्यावर येते. खेळणाऱ्याला थोडी कुरकुर होईल, पण सारखे अडकणाऱ्या शंभर फ्रेमपेक्षा स्थिर साठ केव्हाही बऱ्या.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची जास्तीत जास्त मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ केली की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. एका टक्क्याने काय होणार असे वाटते, पण टर्बोमध्येच प्रोसेसर सगळ्यात जास्त तापतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन्ही चिपांच्या तांब्याच्या नळ्या एकच असतात, त्यामुळे प्रोसेसर थंड झाला की कार्डालाही हवा मिळते. एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र हे करून पाहून ठरवावे. त्यांचे काही काम प्रोसेसरवर चालते, ते लांबू शकते.

थोडी माहिती असणाऱ्यांसाठी अंडरव्होल्टिंग आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर चालते. त्यात कार्डाचा वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करता येते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ०.९५ व्होल्टवरून ०.८५ वर आले तर त्याच वेगात जवळपास वीस टक्के उष्णता कमी होते. व्होल्टेज फार खाली नेले तर गेम बंद पडतो, तेव्हा परत थोडे वर घ्यायचे. कार्ड यात जळत नाही.

कूलरबद्दल पुष्कळ जण बिचकतात. ओली हवा लॅपटॉपला मारेल अशी भीती. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलर असलेली खोली बाहेरच्यापेक्षा कितीतरी थंड राहते, आणि त्या थंडाव्याचा प्रत्येक अंश चिपेला तसाच्या तसा मिळतो. कूलर सुरू असलेल्या खोलीत काम करावे, फक्त झोताच्या समोर नको. ताट्यांवरून पाण्याचे तुषार उडतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार आत गेला की बोर्डावर पांढरे डाग धरतो. पाऊस सुरू झाल्यावर मात्र कूलर बंद. तेव्हा तो थंड करत नाही, नुसता दमटपणा वाढवतो. आणि जड काम दुपारी तीन वाजता टिनाखाली करण्यापेक्षा पहाटेला ठेवले तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. दिवसभर चार्जर लावून ठेवणाऱ्यांनी कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवायची सोय असते ती चालू करावी. टचपॅड वर उचललेला दिसला, खालचे झाकण फुगले, तर बॅटरी फुगली आहे. वापर ताबडतोब थांबवा, ती टोचून किंवा दाबून पाहू नका.

कार्ड वाढवून मिळते का?

"आत्ता छोटे घ्या, पुढे मोठे कार्ड टाकून देऊ" असे सांगून लॅपटॉप विकला जातो. हे ऐकले की त्या दुकानातून बाहेर पडावे. आजच्या जवळजवळ सगळ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप आणि तिची मेमरी मुख्य बोर्डावर झाळलेली असते. ती काढून दुसरी मोठी बसवण्याची सोय नसते. सहा जीबीची मेमरी आठ होत नाही.

पूर्वी काही जाड लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाची निघणारी कार्डे यायची. डेलने २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया ५१ एम हा बदलता येणाऱ्या कार्डाचा लॅपटॉप आणला, पण पुढच्या पिढीची कार्डे त्यासाठी आली नाहीत. अलीकडे अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीने १६ इंची लॅपटॉपमध्ये मागून सरकवून बसवायचे कार्ड दिले आहे आणि त्याची नवी आवृत्तीही काढली. चांगली गोष्ट आहे, पण यवतमाळच्या दुकानात तो मिळत नाही. थंडरबोल्टच्या वायरने बाहेरून मोठे कार्ड जोडता येते, त्याला वेगळा डबा आणि वेगळा वीजपुरवठा लागतो, शिवाय वायरमधून जाताना ताकद थोडी कमी होते. तेवढ्या पैशांत डेस्कटॉपकडे निम्मी वाट सरते.

वाढवता येते ते वेगळेच, आणि त्याचा फायदाही खूप होतो. पुष्कळ स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅमची एकच पट्टी असते. दुसरी तशीच पट्टी टाकली की रॅम दुप्पट होते आणि दोन वाटांनी चालते. गेमचे झटके आणि एडिटिंगमधले अडणे यांनी कमी होते, आणि मालकाला वाटते कार्डच बदलले. आपला लॅपटॉप डीडीआर ४ चा की डीडीआर ५ चा, आणि जागा मोकळी आहे की रॅमही झाळलेली आहे, एवढे आधी पाहावे. एसएसडीचेही तसेच. पंखा झिजून खरखरत असेल तर तोही बदलून मिळतो. बोर्डापेक्षा पंखा कितीतरी स्वस्त, म्हणून उन्हाळ्यात तो पूर्ण वेगाने फिरू द्यायला कचरू नये.

"कार्ड गेलं, रिबॉलिंग करून देतो" हा आणखी एक प्रकार. चिप गरम करून खालचे टाके परत वितळवायचे. काही दिवस चालते, मग पुन्हा स्क्रीनवर पट्टे. मूळ बिघाड पुष्कळदा त्या टाक्यांत नसून चिपेच्या आतल्या जोडणीत असतो. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या काही चिपा अशाच सारख्या तापून-थंड होऊन निकामी व्हायला लागल्या, तेव्हा कंपनीने दुरुस्ती आणि बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे जाहीर केले होते. बनवणाऱ्याला जे टाके घालून निभावता आले नाही, ते हीट गनने निभावेल अशी आशा ठेवून चार-पाच हजार घालायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आधी साफसफाई आणि पेस्ट करून पाहावी, ती काही शेकड्यांत होते.

घेतानाच पाहायचे

कार्ड नंतर बदलत नाही म्हटल्यावर खरी निवड दुकानातच होते. तिथे नुसते नाव पाहून फसायला होते. आरटीएक्स ४०६० नावाचे लॅपटॉप कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही ताकदीवर बसवलेले असू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमधले साठ वॅटचे ४०६० जाड लॅपटॉपमधल्या पूर्ण वॅटच्या ४०५० च्या मागे पडू शकते. डब्यावर हा आकडा ठळक नसतो, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत मिळतो. दुकानदाराला वॅट विचारा. त्याला सांगता आले नाही तर स्वतः मोबाइलवर शोधा. आपल्या उन्हाळ्यात जाड, मागे आणि बाजूला मोठ्या जाळ्या असलेला मॉडेल पातळ मॉडेलपेक्षा बरा, वजन थोडे जास्त असले तरी. एडिटिंग करणाऱ्यांनी मेमरीही पाहावी. ४०५० ला सहा जीबी, ४०६० ला आठ, आणि फोर-के व्हिडिओत त्या दोन जीबीने फरक पडतो.

आणि लॅपटॉप वर्षभर त्याच टेबलावर राहणार असेल, तर तो घ्यायचाच कशाला हाही प्रश्न आहे. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपला जास्त ताकदीचे कार्ड येते, जाळ्या मोठ्या असतात, आणि चार वर्षांनी जुने कार्ड विकून नवे बसवता येते. लाइटचा भरवसा नसल्याने यूपीएसचा खर्च त्यात धरावा लागेल. फोटो-व्हिडिओवाल्यांपैकी ज्यांना मांडवात बसून एडिटिंग करायचे नसते, त्यांच्यासाठी हाच सौदा परवडणारा आहे. होस्टेल आणि गाव अशी ये-जा करणाऱ्या पोरांना मात्र लॅपटॉपच लागतो.

खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक व सिरीयल नंबर लिहून घ्यावा. कार्ड पुढे वाढवून देण्याचे आश्वासन कोणी दिलेच, तर तेही बिलावर लिहून मागावे. बहुतेक ठिकाणी तिथेच बोलणे बदलते. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथेही पहिला कागद मागतात तो बिलाचाच.